माझा पट्टा सवतीच्या कमरेला

मी एक जुनी रबरी विजार आहे. हसून घ्या मित्रांनो, मी थांबते.

विजार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दोरीवर वाळत घातलेले काहीतरी येते. मी तशी नाही. मी माणसाच्या छातीपर्यंत पोहोचते. खांद्यांवरून जाणारे दोन पट्टे मला आहेत, आणि दोन्ही पायांना बूट कायमचे चिकटवलेले आहेत. कमरेला एक रुंद पट्टाही होता. तो आता कुठे असतो, ते पुढे कळेलच. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गळ टाकणाऱ्या माणसाला कोरडे ठेवणे, एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला. दुकानात मला वेडर म्हणतात. घरात मला 'ती जुनी' म्हणतात. पूर्वी नुसते 'ती' म्हणत.

कारखान्यात मला साच्यावर चढवून भट्टीत भाजले. मग माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवले. एकही बुडबुडा वर आला नाही. तपासणाऱ्या बाईने माझ्या छातीवर शिक्का मारला आणि जांभई दिली. आयुष्यात मला मिळालेले हे एकमेव प्रमाणपत्र. पुष्कळांना तेवढेही मिळत नाही.

मला घेतले ते एका घड्याळदुरुस्तीवाल्यांनी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून ते इतक्या बारीक गोष्टी पाहत, की सुट्टीच्या दिवशी त्यांना नदीएवढे मोठे काहीतरी बघावेसे वाटे. दर सुट्टीला आम्ही दोघे नदीवर जायचो. तिसरे पोस्टमास्तर असत, त्यांचे शाळेपासूनचे मित्र. मासे फारसे मिळत नसत. पण मासे मिळण्यासाठी मला घेतले नव्हते. कोरडे राहण्यासाठी घेतले होते, आणि ते काम मी चौदा वर्षे केले.

घरी आल्यावर ते मला मागच्या पडवीत बुटांना धरून उलटी टांगत. मग खिशातून तेलाची बारीक सुई काढत, तीच, जिने ते घड्याळांच्या चाकांना तेल देत. माझ्या गुडघ्याच्या घडीवर एक थेंब डावीकडे, एक थेंब उजवीकडे. "जे वाकतं, त्याला तेल लागतं," असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका. त्या आतून म्हणत, "एवढं तेल माझ्या शिवणयंत्राला घातलं असतं, तर ते चार शब्द गोड बोललं असतं."

मित्रांनो, तेव्हा मला शिवणयंत्राची फार कीव येई.

मग एका हिवाळ्यात माझा डावा गुडघा गळू लागला. आधी थेंब, मग धार. त्यांनी रबराचे ठिगळ लावले, ते सुटले. दुसरे लावले, तेही सुटले. तिसऱ्या खेपेला ते घरी आले तेव्हा शिंकत होते, लंगडत होते आणि मासा नव्हताच.

"अहो, आधीच गुडघा धरलाय, त्यात दर आठवड्याला गार पाण्याचा शेक!" बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला. "ह्यात बसेल ते नवीन घ्या. ह्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि ती जुनी जाताना न्या, येताना आणू नका."

मला का नेले, ठाऊक आहे? मापासाठी. पहिलीला पिशवीत घालून दुसरी पाहायला जायचे, आणि पहिलीच्याच अंगाला लावून दुसरीची उंची मोजायची. मी रबराची आहे म्हणून कोणी विचारले नाही.

दुकानातल्या बाई चुणचुणीत होत्या. त्यांनी मला काउंटरवर पसरले, लिफाफ्याकडे एक नजर टाकली आणि तीन नव्या विजारी काढल्या. पहिलीला समोरून चेन होती. तिच्याकडे आमच्या घड्याळवाल्यांनी असे पाहिले, की मला तोंड असते तर मी वळवले असते.

"ही राहू दे, काका," बाई म्हणाल्या. "हिच्यात तुमचा लिफाफा संपेल आणि पाय अनवाणी राहतील. ही राखाडी बघा. गेल्या वर्षीचा रंग आहे म्हणून सवलतीत आलीय. कापड श्वास घेतं, आत घाम साचत नाही."

श्वास घेते म्हणे! आणि मी काय चौदा वर्षे दम कोंडून उभी होते? (होते. पण ते असे चारचौघांत काढायची गरज नव्हती.)

"हिला बूट नाहीत का?" घड्याळवाल्यांनी विचारले.

"हिचे पाय मोज्यासारखे मऊ असतात. बूट वेगळे घ्यायचे. आणि ऐका, पैसे कमी असतील तर विजारीत वाचवा, बुटांत वाचवू नका. विजार फाटली तर माणूस ओला होतो. बूट घसरला तर माणूसच जातो."

मला हे वाक्य झोंबले, कारण ते खरे होते. माझे बूट आता तळाला इतके गुळगुळीत झाले होते, की ओल्या दगडावर मी दर वेळी डोळे मिटून घेई.

मग बुटांची परीक्षा सुरू झाली. तळाला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, लावलेले बूट शेवाळावर छान धरतात, पण चिखलात घसरतात आणि वाळायला दोन दिवस घेतात. म्हणून रबरी तळाचे, लोखंडी खिळे बसवलेले ठरले. घड्याळवाल्यांनी खिशातून भिंग काढले, डोळ्याला लावले आणि शिवणीचा टाका न् टाका पाहिला. इतक्या प्रेमाने त्यांनी माझी शिवण कधी पाहिली नव्हती. मला शिवण नाही, ही गोष्ट वेगळी.

"नेहमीच्या मापाचे द्या, ताई."

"एक माप मोठे घ्या. आत जाड मोजे, त्यावर विजारीचा पाय, एवढं सगळं कुठे कोंबणार? मोजे घालून बघा आधी."

त्यांनी घालून पाहिले, दुकानात चार पावले टाकली. खिळे फरशीवर टकटक वाजले. नटवी मेली.

एवढ्यात बाईंचा हात माझ्या डाव्या गुडघ्यावर फिरला. त्यांनी बोटे चोळली, नाकाशी नेली. "काका, ह्याला तेल कोणी लावलं?"

"मी. का?"

"रबराला तेल? अहो, रबर कुजतं तेलानं. मऊ पडतं, चिकट होतं, मग ठिगळही धरत नाही. तेल नसतं लावलं, तर ही अजून दोन-चार वर्षं सहज गेली असती."

घड्याळवाल्यांनी माझ्या गुडघ्यावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. "चौदा वर्षं लावतोय," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मी रडले असते. पण माझी ख्याती पाणी आत येऊ न देण्याची आहे, बाहेर सोडण्याची नाही.

राखाडी विजार आणि बूट घेऊन लिफाफा रिकामा झाला. बाई म्हणाल्या, "कमरेचा पट्टा वेगळा मिळतो. तो पाहिजेच हं. पडलात तर पाणी वरून आत शिरतं, पट्टा ते कमरेशी अडवतो. आणि ही जुनी इथेच ठेवा, उद्या कचऱ्याची गाडी येते."

घड्याळवाल्यांनी रिकाम्या लिफाफ्यात पुन्हा एकदा पाहिले. मग मला घडी घालून काखेत मारले. "हिचा पट्टा चांगला आहे अजून. हिला नेतो."

माझ्यासाठी नेत आहेत, असे मला गाडीत बसेपर्यंत वाटत होते.

घरी पडवीत त्यांनी माझा पट्टा सोडवला आणि त्या राखाडीच्या कमरेला बांधला. तिला तो शोभत होता, हे मी मान्य करणार नाही. घरच्या बाई दारात उभ्या होत्या. "आणलीत ना परत? म्हटलं होतं ना मी!"

"नदीवर खाली अंथरायला होईल. नवीचे पाय मऊ आहेत. खड्यांवर उभं राहिलं तर भोक पडतं."

म्हणजे पट्टा तिला, आणि पायपुसणे मी! त्या रात्री पडवीत ती माझ्या शेजारच्या खिळ्यावर होती. वाऱ्याने हलत होती, श्वास घेत होती. मी मनात म्हटले, फाट एकदाची. पहिल्याच दिवशी, भर नदीत, पोस्टमास्तरांच्या देखत फाट.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला काठावर पसरले, माझ्या छातीवर उभे राहून तिला अंगात घातले आणि ते पाण्यात उतरले. मी पाहत होते. माझ्या वेळी ते एका मोठ्या काळ्या दगडापाशी थांबत, कारण पुढे माझे बूट घसरत. आज खिळे खडखडले आणि ते दगडाच्या पुढे गेले. कोरडा माणूस धीट होतो.

पुढे खड्डा होता. ते एकाएकी छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत गेले, आणि आडवे झाले. टोपी तेवढी वाहताना दिसली.

"अरे घड्याळ्या!" पोस्टमास्तर काठावरून ओरडले. "काठी सोड! काठी सोड आधी, गाढवा!"

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. आठवडाभर मी तिच्या फाटण्याची वाट पाहिली होती. आणि आता मी तिलाच विनवत होते: फाटू नकोस गं. धर त्यांना. पट्ट्या, आवळ. तू माझा आहेस, माझी लाज राख.

त्यांनी गळाची काठी सोडली. एक पाय दगडाला लागला, खिळे रुतले. मग दुसरा. गुडघ्यांवर, हातांवर, कसेबसे ते काठावर आले आणि धपकन माझ्यावर बसले. सदरा गळ्यापासून चिंब होता. कमरेखाली ते कोरडे होते.

पोस्टमास्तरांनी वाकून त्यांच्या कमरेचा पट्टा चाचपला. मग म्हणाले, "पट्टा नसता तर दोन्ही पायांत घागरी भरल्या असत्या तुझ्या. मग उठून दाखवलं असतंस. नवा घेतलास वाटतं?"

"नाही रे," घड्याळवाले दात वाजवत म्हणाले. "जुनीचा आहे."

हे वाक्य मी त्या राखाडीला रोज ऐकवते. ती श्वास घेते आणि गप्प बसते.

बाईंनी ती हकिगत ऐकली. त्या आधी नवऱ्यावर भडकल्या, मग पडवीत येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मला झटकून पुन्हा खिळ्यावर टांगले. कचऱ्याच्या गाडीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. आम्हाला घडी घालून कोंबू नका, उलटे टांगून आतूनही वाळवा. बूट एक माप मोठे घ्या. पट्टा विसरू नका. नवी आणायला जाताना जुनीला पिशवीतून नेऊ नका. मोजायची टेप घरोघरी असते. आणि ज्याची माया कराल, त्याला काय लागते ते आधी विचारा. तुमच्याकडे काय आहे, ते त्याला लावत सुटू नका.

परवा घड्याळवाले पडवीत आले. सवयीने त्यांनी तेलाची सुई काढली आणि राखाडीच्या गुडघ्यापाशी नेली. मग थबकले, जीभ चावली. सुईच्या टोकावर थेंब तसाच लोंबत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, बाई आत होत्या.

"तुला आता काय फरक पडतोय?" ते मला म्हणाले, आणि एक थेंब डावीकडे, एक थेंब उजवीकडे लावला.

रबराला तेल लावू नये, मित्रांनो. कधीही लावू नये. पण त्या वेळी ती शेजारच्या खिळ्यावरून बघत होती, आणि मी शपथेवर सांगते, तिने श्वास रोखून धरला होता.