मोरीवरचं बोचकं

साहेबांनी बोचक्याला बुटाचं टोक लावलं आणि विचारलं, "हे काय?"

"बोचकं," धाकटी म्हणाली.

"ते दिसतंय मला. इथे कशाला?"

"मोरीवर बसवलंय. बाहेर पाणी चढलं की इथून उलटं वर येतं. पाणी दारातून नाही येत साहेब, ते चोरासारखं खालून येतं."

त्या दिवशी इस्पितळात पुराची तालीम होती आणि दुपारी तपासणीचं पथक यायचं होतं. म्हणून तळघरातल्या धुलाईखान्यात आठ-दहा माणसं उभी होती, सगळी इस्त्रीच्या कपड्यांतली. इस्त्री धाकटीनेच केलेली. पुराचा आराखडा या साहेबांच्या हातचा. त्याची जाडजूड फाइल ते कोंबडीने अंडं उबवावं तशी सदा काखेत धरून असत. म्हणून सगळे त्यांना आराखडासाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. तळघराच्या तोंडाशी, मागच्या उतारावर उघडणारं, त्यांनी लोखंडी दार बसवलं होतं, कडेला रबर लावलेलं. बंद केलं की मुंगी आत येऊ नये. अख्ख्या इमारतीचा जनरेटर मात्र त्याच तळघरात, धुलाईखान्याच्या भिंतीपलीकडे, हातभर चौथऱ्यावर उभा. "तो गच्चीवर न्या," असं जनरेटरवाला सांगून सांगून थकला होता.

"बाई, या दारापायी माझी दोन वर्षं गेली," साहेब म्हणाले. "आता पूर काय तुमच्या चिंध्यांनी अडवायचा?"

माणसं हसली. साहेबांना हुरूप आला. "शिक्षण किती तुमचं?"

"दुसरी. पण पाण्याला तेवढंही येत नाही साहेब. तुमची फाइल वाचून ते माघारी नाही जायचं."

हसणं जागच्या जागी थांबलं. साहेबांचे कान लाल झाले. "उचला हे," ते म्हणाले, आणि दोघांनी बोचकं उचलून मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं.

बोचकं तसं चिंध्यांचंच. फाटक्या चादरी ओल्या करून पिळायच्या, करकचून बांधायच्या, मोरीच्या तोंडात ठोकून बसवायच्या आणि वर मोडकी बिडाची इस्त्री ठेवायची. ही युक्ती थोरलीची. थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. तिने याच धुलाईखान्यात हयात काढली आणि धाकटीला इथे चिकटवली तीही तिनेच. निवृत्त झाली त्या दिवशी तिने किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, पण बोचकं मात्र धाकटीच्या हातात दिलं. धाकटी आता पंचावन्नची झाली, तरी धाकटीच.

आणि थोरली तीन दिवसांपासून याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, श्वासाच्या मशीनला लावलेली. संध्याकाळी धाकटी वर गेली तेव्हा थोरलीने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मोरी बुजवलीस का गं? आभाळ भरलंय."

"बुजवली. तू मास्क लाव आधी."

"तुला मेलीला गाठ कधी घट्ट मारता आली नाही."

"शिकवणारीच सैल, मी काय करू?"

थोरली हसली आणि खोकत बसली. धाकटीने तिची पाठ चोळली. आजारी माणसाच्या जिवाला कशाला घोर, म्हणून थाप मारली होती. तशी थाप खरी करायला पायऱ्या उतरून उकिरड्यापर्यंत जायचं, एवढंच काम होतं. पथक कधीच चहा पिऊन गेलं होतं. पण धाकटी उकिरड्याकडे न बघता सरळ घरी गेली. दहा माणसांत बुटाने ढकललेली वस्तू मी उचलून आणू? टाकली त्यांनी, आणतील तेच. नाक घासत बोलवायला येऊ देत, मग बघू. सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही, अशी ही जात.

रात्रभर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास इस्पितळाची वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. तेवढ्यात मोरी गुडगुडली. आधी फेस आला, मग काळं पाणी. धाकटीने हाताला येतील त्या चादरी कोंबल्या, पण न बांधलेल्या चादरी त्या, पाण्याने वर फेकल्या आणि तरंगत गेल्या. पाणी पोटरीला लागलं.

"दार उघडा!" जनरेटरवाला ओरडला. "पाणी उतारावरून खाली जाऊ दे!"

दार पक्कं होतं. बाहेरचं आत येत नव्हतं, आणि आतलं बाहेर जात नव्हतं. किल्ली आराखडासाहेबांकडे, आणि साहेब कालच्या तालमीचा अहवाल द्यायला मुख्य कचेरीत. पाणी चौथऱ्यावर चढलं. जनरेटर एकदा खोकला आणि गप्प झाला.

धाकटी आतल्या जिन्याने चार मजले चढून वर गेली. मशीनची बॅटरी अर्धा तास पुरली. मग डॉक्टरीणबाईने तिच्या हातात रबरी फुगा दिला. "मावशी, हा दाबत राहा. दाबलात की त्यांना श्वास. थांबायचं नाही."

चादरी पिळून पिळून घट्ट झालेले हात ते. थांबले नाहीत. थोरलीने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मास्कखाली ओठ हलले. आवाज नव्हता, पण धाकटीला शब्द कळला: मोरी. ती फुगा दाबत राहिली. नजर फुग्यावरून उचलली नाही.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला. "मावशी, पुरे आता."

महिन्याने पुराचा अहवाल आला. पाणी अनपेक्षित मार्गाने आलं, असं त्यात होतं. दाराला ओरखडाही नव्हता, त्याचा फोटो छापला. आराखडासाहेबांना आणखी दोन इस्पितळं मिळाली. बोचक्याचा कुठे उल्लेख नव्हता. जनरेटरवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही जाऊन सांगा की! तुमचं तर त्यांनी उचलून फेकलं." धाकटी गेली नाही. सांगायचं तर अर्धंच कसं सांगणार?

धुलाईखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा चौथ्या मजल्याचे तुंबलेले कपडे खाली आले. त्यांत थोरलीच्या खाटेच्या नंबराची चिठ्ठी लावलेली एक चादर होती. धाकटीने ती वेगळी धुतली, वाळवली, इस्त्री केली. मग पुन्हा ओली करून पिळली. जुन्या चादरींच्या मध्ये घालून बोचकं बांधलं. गाठ मारली, सोडली, परत मारली. गुडघा रोवून ते मोरीत बसवलं आणि वर मोडकी इस्त्री ठेवली.

बाहेर लख्ख ऊन होतं.

"बुजवली गं," ती म्हणाली.