पार्सलचा काटा आणि शनिवारचं वजन

मित्रांनो, माझ्याकडे बघून आधी हसून घ्या. रंग उडालाय, तबकडीची काच तडकलीय, डोक्यावरचं पारडं चेपलंय. मी एक जुना वजनकाटा आहे. पण मी काही खालच्या आवाजात बोलणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर सरकारी शिक्का होता. पहिली नोकरी लागली एका भंगारवाल्याकडे, आणि तिथं सगळं मापात पाप! लोकांचं पितळ तोलताना मालक पारड्याखाली हळूच बोट लावायचा. माणसाचं बोट लागलं की माझा काटा थरथरतो. गिऱ्हाइकाला संशय यायचा आणि मालक मला चापट मारायचा. शेवटी ती थरथर गिळायला शिकलो. निगरगट्ट झालो, दुसरं काय! दुकान बंद पडलं तेव्हा मनाशी ठरवलं, पुढच्या नोकरीत हे होणे नाही.

पुढची नोकरी पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत मिळाली. दुरुस्ती झाली, तेल मिळालं, नवा शिक्का बसला. काउंटरवरच्या बाईंना माघारी सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण बोलणंच तसं. पण प्रत्येक पार्सल त्या दोनदा तोलायच्या, म्हणून मला त्या आवडल्या. टेम्पोत माल चढवणाऱ्याला सगळे ‘पैलवान’ म्हणत. अंगानं डोंगर आणि मनानं लोणी असा तो माणूस.

जेमतेम आठवडा झाला असेल. माझ्याबरोबरच पॅकिंगला लागलेली एक तरुण आई जेवणाच्या सुट्टीत काउंटरपाशी आली.

“बाई, एक विचारू? माझी मुलगी वेळेआधी जन्मलीय. दर शनिवारी वजन करायला सांगितलंय. कमी झालं तर त्याच दिवशी घेऊन या, म्हणाले डॉक्टर. दवाखान्याला दोन बस बदलाव्या लागतात, आणि मी तर आत्ता कामाला लागलेय. दर शनिवारी रजा कोण देणार? सासूबाई तिला इथं आणतील. या काट्यावर ठेवू?”

“अगं, हा पार्सलचा काटा! यावर आम्ही मिक्सर तोलतो,” बाई म्हणाल्या. मग क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. “पण वजन ते वजन. आण तिला. तिचं वजनाचं कार्ड मी भरीन.”

माझी तर बोबडीच वळली. पुस्तकं, चपलांचे खोके, सुटे भाग हे ठीक आहे. पण जिवंत बाळ? ते मला कुणी शिकवलं होतं? पण घाबरून कसं चालेल! अंगावर पडलं की करायचं.

शनिवारी आधी नुसतं दुपटं तोललं, मग दुपट्यात चिमणी. सगळे तिला चिमणीच म्हणायला लागले होते. दुपटं वजा करून दोन किलो दोनशे. पुढच्या शनिवारी दोन किलो तीनशे पंचवीस! सगळं पॅकिंग खातं टाळ्या वाजवायला जमलं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या शनिवारी बाई हात धुवायला गेल्या होत्या. चिमणी झोपलेली. दुपटं वजा करून माझा काटा दोन किलो तीनशेवरच थांबला, गेल्या वेळेपेक्षा एक रेघ खाली. आई वाकून बघणार, तेवढ्यात “पडेल हं ती,” म्हणत पैलवानानं पारड्याला हात लावला आणि अंगठा हलकेच दाबला. दोन किलो चारशे!

“अहो आई, वाढलं!” ती सासूबाईंना म्हणाली. “म्हणजे आज दवाखान्यात जायला नको.”

आणि मी? सवय वाईट हो. अंगठा पडताच मी थरथर गिळून गप्प बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई आल्या. आईनं कार्ड पुढं केलं.

“मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. पुन्हा ठेव.”

“झोपलंय हो लेकरू,” पैलवान म्हणाला.

“झोपू दे. दोनदा म्हणजे दोनदा.”

पुन्हा चिमणी पारड्यात आली. पुन्हा तो अंगठा आला. या वेळी मी कंबर कसली. मार बसो, नाहीतर भंगारात जावं लागो, पण आता गिळायचं नाही! माझा काटा सगळ्यांदेखत थरथरू लागला.

“हा का थरथरतोय?” बाईंनी चष्मा सावरला. “पोर तर गाढ झोपलीय. पैलवान, हात काढा.”

“पडेल ती.”

“हात काढा म्हणते ना!”

हात निघाला. मी तीनशेवर येऊन उभा राहिलो आणि तिथून हललो नाही.

पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला हिचं उतरलेलं तोंड बघवलं नसतं, बाई. आठवडाभर शनिवारची वाट बघत असते ही.”

“तुमची माया कळते हो मला,” बाई हळू म्हणाल्या. “पण तुमच्या त्या आकड्यावर ही आज घरी गेली असती.”

आई रडली नाही. तिनं चिमणीला छातीशी धरलं. “अर्धी रजा मिळेल?”

“साहेबांचं मी बघते. तू नीघ!”

पैलवानानं टेम्पोची चावी उचलली आणि तिघींना घेऊन गेला. पोरीला आतून संसर्ग झाला होता, दूध अंगी लागत नव्हतं. आणखी आठवडा गेला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. मी पार्सलं तोलत होतो, पण लक्ष दाराकडे.

मग एका शनिवारी चिमणी आली. पैलवान दोन्ही हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिला. दोन किलो साडेचारशे भरलं. बाईंनी दोनदा तोललं.

आता बटणांचा नवा काटा आलाय. मी मागच्या फळीवर आहे, कुणी पुसत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची धूळ झटका, वर्षाकाठी तपासून घ्या. आणि तोलताना हात लांब ठेवा. लोभानं लावलेलं बोट आज ना उद्या पकडलं जातं. मायेनं ठेवलेला अंगठा धरायला सहसा कुणी जात नाही, आणि त्याच पारड्यात एखादं पोर झोपलेलं असतं.