बोलणारा संगणक आणि माझा जळफळाट

मित्रांनो, नाशिकच्या एका वाचनालयात कपाटावर बसलेला मी जुना टेपरेकॉर्डर. बटणं झिजली असली तरी माझा आवाज अजून ठणठणीत आहे.

नव्वदच्या दशकात मला इथे आणलं ते दृष्टिहीन वाचकांसाठी. निवृत्त शिक्षिका भागीबाई माझ्यासमोर पुस्तकं वाचायच्या आणि मी ती कॅसेटवर साठवायचो. जन्मापासून न दिसणारी दीपमाला शाळकरी वयापासून सिन्नरहून एस.टी.ने यायची. माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "चल, कुठवर आलो होतो आपण?" त्या 'आपण'ने मी फुलून जायचो.

पुढे ती एम.ए.ला असताना बोलणारा संगणक आला. त्याला हार काय, नारळ काय! खोलीत प्लगची जागा एकच. माझी वायर उपटून तिथे त्याची लावली. दीपमालाची बोटं त्याच्या कळांवर भिरभिरायची आणि तो पडद्यावरचं वाचून दाखवायचा.

"बाई, आता हवं ते पान माझं मीच शोधते!" ती भागीबाईंना म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कोरड्या आवाजात असं काय होतं? त्याला तर 'दीपमाला' हे नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं!

एके दिवशी मात्र त्याची बोलती बंद झाली. दीपमालाचे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. त्यावर तिला प्रबंध लिहायचा होता. त्या काळची साप्ताहिकं वाचनालयाने नुकतीच संगणकात घातली होती, पण पानांचे नुसते फोटो काढून. फोटोतली अक्षरं त्याला वाचता येईनात. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

"सर, हा वाचतच नाही," ती ग्रंथपाल वाल्मीक सरांना म्हणाली.

"अगं, एवढी खटपट करून सगळं आत घातलंय. अजून काय करायचं?"

"फोटो डोळसांना चालतात, सर. आजोबांना देवळाचं दार बंद होतं, मला हे पान बंद आहे."

सरांनी लगेच भागीबाईंना फोन लावला. माझ्या टाळ्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी भागीबाई काठी टेकत आल्या. "मला टायपिंग येत नाही, पण वाचायला येतं. लावा तो टेप."

सरांनी स्वतः जादा प्लगची पट्टी आणली. बाई पानं वाचत, मी साठवत असे, आणि माझं ऐकत दीपमाला संगणकावर टाईप करी. एका दुपारी माझ्यातून बाईंचा आवाज आला, "सत्याग्रहींत काळू पुंजा, राहणार सिन्नर."

"आजोबा!" दीपमालाने मला थांबवलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग ते नाव टाईप केलं आणि संगणकाला वाचायला लावलं. त्याने ते तुटक-तुटक वाचलं. तरी ती हसत-रडत त्याच्याकडूनच ऐकत राहिली. अक्षरं तिच्या बोटांनी उमटली होती ना! पुन्हा जळलो मी.

मित्रांनो, जुने कागद जपा, आम्हा जुन्या यंत्रांवरचीही धूळ झटका. पण पुस्तक संगणकात घालताना नुसता फोटो काढून मोकळे होऊ नका. ज्यांना दिसत नाही, त्यांना ऐकता येतील अशी अक्षरं घाला. माझा हेवा काही जाणार नाही. पण त्याने बोलत राहावं आणि मी जळत राहावं, हेच बरं.