माझ्यापर्यंत न आलेला चेंडू

मित्रांनो, माझ्या तळव्यावर हात फिरवलात तर मधोमध एक खोल खळगा लागेल. तो हजारो चेंडूंनी पाडला आहे. मी बेसबॉलमधल्या कॅचरचा हातमोजा. गाईच्या जाड कातड्याचा, उशीसारखा फुगीर, आणि आता पार म्हातारा.

मला शिवलं ते एका बाईने, ओहायो नदीकाठच्या कारखान्यात. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण तिचा दाभण आठवतो. प्रत्येक टाका घालताना ती दात-ओठ खाऊन दोरा ओढायची. माझं आयुष्य मारामारीत जाणार हे तिला ठाऊक असावं, असं मला नंतर वाटू लागलं.

मला विकत घेतलं ग्विलिम प्रॉसरने. ऍशबी नावाच्या कोळशाच्या गावात तो खाणीत काम करायचा आणि रविवारी गावच्या संघात कॅचर असायचा. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसून पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, प्रत्येक चेंडू पकडणारा गडी. प्रॉसर मला गाईच्या खुरांचं तेल लावायचा, माझ्या पोटात चेंडू ठेवून मला दोरीने करकचून बांधायचा आणि स्वतःच्या उशाखाली घेऊन झोपायचा. त्याची बायको मेरेड म्हणायची, "या कातड्याशीच लग्न लावायचं होतंस!"

त्या काळी फलंदाजाच्या डोक्यावर कापडी टोपीखेरीज काही नसे. आणि आमच्या भागात बेसबॉल सभ्य माणसांचा खेळ नव्हता. बुटांच्या तळाला लोखंडी खिळे असत, धावणारे गडी ते दगडावर घासून धार लावून येत. फलंदाज उभा राहतो तिथली पांढरी पाटी ही कॅचरची राखणीची जागा. धाव पुरी करायला तिच्यावर पोचावं लागे, म्हणून माणसं अंगावर घसरत यायची. प्रॉसरच्या उजव्या हाताची बोटं इतक्यांदा मोडली की ती झाडाच्या मुळ्यांसारखी दिसत. डावा हात माझ्यात असायचा. तोही सुजायचा, मग तो माझ्या आत कच्च्या मांसाचा तुकडा घालायचा. सामना संपेस्तोवर त्याचा खिमा झालेला असे आणि माझ्या शिवणीतून रक्त गळत असे. ते कुणाचं, गाईचं की प्रॉसरचं, हे मलाही सांगता यायचं नाही.

एका उन्हाळ्यात एक दांडगा गडी तिसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे पाटीआधीच्या शेवटच्या थांब्यावरून, धावत आला आणि त्याचे खिळे प्रॉसरच्या गुडघ्यात रुतले. वाटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. प्रॉसरने चेंडू सोडला नाही. तो माझ्यात तसाच घट्ट होता, त्यामुळे धावणारा बाद झाला. प्रॉसर मात्र पुन्हा कधी उकिडवा बसला नाही.

तेव्हापासून तो संघाचा मॅनेजर झाला. खेळाडू त्याला कप्तान म्हणत. मला त्याने नव्या कॅचरला दिलं. मिशो त्याचं नाव, स्लोव्हाक, बुटका, ओंडक्यासारखा. देताना म्हणाला, "हा मोजा तुझा नाही. तू याचा आहेस. पावसात ठेवलास तर तुझीच कातडी सोलीन."

प्रॉसर बाकावर बसून डोळे मिटायचा आणि फक्त माझा आवाज ऐकायचा. चेंडू माझ्यात जोरात येऊन 'थाड' वाजला की पिचर ताजा आहे. 'थप' वाजला की त्याचे पाय दमले. "जोर खांद्यात नसतो, मांड्यांत असतो," तो म्हणायचा. "खांदा खोटं बोलतो. मोजा बोलत नाही." पिचर स्वतः शपथेवर सांगत असायचा की मी अजून दमलो नाही, आणि प्रॉसर लंगडत जाऊन त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा. खेळाडूंची पारख त्याला बरोबर होती. कुणाला शिवी द्यायची, कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा, कुणाला सामन्याआधी एकटं सोडायचं, हे तो जाणून होता.

पण त्याची एक शिकवण काळी होती. "पाटी आपली आहे," तो सांगायचा. "फलंदाज फार पुढे आला, तर पुढचा चेंडू त्याच्या हनुवटीखालून जाऊ दे. घाबरलेला माणूस बॅट अर्धीच फिरवतो." आणि क्वचित, फार राग आला की, तो मांडीवर मूठ वळायचा. त्या खुणेचा अर्थ: मारा त्याला. चेंडूने.

असे मार मी पुष्कळ पाहिले. बरगड्यांवर, कोपरावर, पाठीच्या कण्यावर. गाव खूश व्हायचं. बायका उभ्या राहून ओरडायच्या, "आणखी एक, ओंद्रे! दुसरी बाजूही भाज!"

ओंद्रे हुडाक हा आमचा पिचर. खाणीत कोळसा भरणारा, लांब हातांचा, मऊ बोलणारा. त्याचा चेंडू माझ्यात शिरायचा तेव्हा मिशोचं सगळं अंग हलायचं. प्रॉसरला मूल नव्हतं. ओंद्रेकडे तो ज्या नजरेने बघायचा, ती मला ओळखीची होती. तेल लावताना तो तशाच नजरेने माझ्याकडे बघे.

मग तो हिवाळा आला. ऍशबीच्या खाणीत संप झाला आणि कंपनीने संपवाल्यांच्या जागी शेजारच्या ड्रेसर गावातून माणसं आणली. खाणीच्या फाटकाशी दोन गावं भिडली. प्रॉसरचा धाकटा भाऊ इद्रिस कुदळीच्या दांड्याने डोक्यावर मार खाऊन पडला आणि तिथेच गेला. घाव कुणी घातला ते अखेरपर्यंत कळलं नाही. प्रॉसर रडला नाही. तो फक्त उन्हाळ्याची वाट बघत राहिला.

उन्हाळ्यात ड्रेसरचा संघ आमच्या मैदानावर आला. लोक कुंपणावर, कोळशाच्या वाघिणींवर, छपरांवर चढून बसले होते. ड्रेसरचा सगळ्यात चांगला फलंदाज रॉय टेनंट पाटीजवळ आला. हसऱ्या तोंडाचा होता. मिशोला म्हणाला, "काय रे बुटक्या, उभा राहिलास की बसलास, कळतच नाही."

मिशोलाही हसू आलं. मग त्याने खुणेसाठी बाकाकडे पाहिलं. प्रॉसरची मूठ मांडीवर वळलेली होती.

मिशो थांबला. खेळ थांबवून बाकाकडे गेला. "कप्तान, फाटकावर हाच होता का?"

"ड्रेसरचा आहे ना?" प्रॉसर म्हणाला. "जा, बस जागेवर."

मिशो बसला. माझ्याआड त्याने मूठ वळून ओंद्रेला दाखवली आणि मला रॉयच्या कानाच्या रेषेत उचलून धरलं. ओंद्रेने मान हलवली, नाही म्हणून. मिशोने पुन्हा मूठ दाखवली. बाकावरून प्रॉसरचा आवाज आला, "टाक!"

मित्रांनो, तो चेंडू माझ्यापर्यंत आलाच नाही. ओला ओंडका कुऱ्हाडीने फुटावा तसा आवाज झाला. रॉय खाली कोसळला. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि एक पाय धुळीत आपोआप झटके मारत होता.

मग दोन्ही गावं मैदानात उतरली. बॅटी, बाटल्या, कुंपणाच्या फळ्या, जे हाती लागलं ते. मिशोने तोंडावरची लोखंडी जाळी काढून एकाच्या नाकावर हाणली. मी त्याच्या हातातून गळालो आणि कुणाचा तरी खिळ्यांचा बूट माझ्यावर पडून माझं पोट फाटलं. जमिनीवरून मी प्रॉसरला पाहिलं. तो बॅटने माणसांच्या नडग्या फोडत होता आणि प्रत्येक घावाला भावाचं नाव घेत होता. असं करत करत तो रॉयपाशी पोचला. तिथे ओंद्रे गुडघ्यांवर बसून रॉयचं डोकं दोन्ही हातांत धरून होता, भरलेलं भांडं सांडू नये तसं. प्रॉसरच्या हातातली उगारलेली बॅट हळूच खाली झुकली. धुळीत झटके मारणारा तो पाय तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

रॉय जगला. पण त्याचा डावा डोळा गेला, आणि चालताना त्याला भिंत धरावी लागे.

मिशोने मला मोच्याच्या दोऱ्याने शिवलं. सरावाला ओंद्रे आला, पण त्याचे चेंडू आता पाटीपासून हातभर लांब जाऊ लागले. कुणाच्याही जवळून चेंडू टाकणं त्याला जमेना. एके दिवशी प्रॉसर लंगडत त्याच्याजवळ गेला.

"मनगट ढिलं पडलंय तुझं, लेका."

"मनगट ठीक आहे, कप्तान."

"मग?"

"मूठ तुमची होती," ओंद्रे हळूच म्हणाला. "पण झोपेत तो पाय मला दिसतो. तुम्हाला दिसतो का?"

प्रॉसरने मला मिशोच्या हातातून घेतलं, नवी शिवण अंगठ्याने चाचपली आणि परत दिलं.

मग परतीचा सामना आला, ड्रेसरच्या मैदानावर. तिथे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रॉसर ओंद्रेला म्हणाला, "तू येऊ नकोस. ताप आलाय म्हणून सांगतो."

"मी नाही आलो तर ते मिशोला मारतील," ओंद्रे म्हणाला, आणि गाडीत चढून बसला.

ड्रेसरचा पिचर होता वेड टेनंट, रॉयचा थोरला भाऊ. आणि रॉय स्वतः त्यांच्या बाकाशेजारी खुर्चीवर होता, डोळ्यावर काळी पट्टी. वेडने आमच्या एकाही गड्याला चेंडू लागू दिला नाही. तो मार त्याने ओंद्रेसाठी राखून ठेवला होता. तिसऱ्या डावात ओंद्रेची फलंदाजीची पाळी आली तेव्हा लोक ओरडायचे थांबले.

ओंद्रेने बॅट उचलली. प्रॉसरने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"खाली बस."

"कप्तान, पाळी माझी आहे."

"मी मॅनेजर आहे. पाळी कुणाची ते मी ठरवतो." मग तो बाकाकडे वळला. "आणि ऐका रे. जो कुणी या बाकावरून बॅट घेऊन उठेल, त्याला मी माझ्या हाताने मारीन."

तो पाटीकडे चालू लागला. पंचाला म्हणाला, "हुडाकच्या जागी प्रॉसर." लोकांत कुणीतरी ओरडलं, "ए लंगड्या, खेळायला आलास की मरायला?" मी मिशोच्या मांडीवर होतो. मिशोची बोटं माझ्यात रुतली होती.

पहिला चेंडू डोक्यावरून गेला आणि प्रॉसरची टोपी उडाली. तो हलला नाही. टोपी उचलायलाही वाकला नाही. उलट पाटीच्या आणखी जवळ सरकला.

"हट ना म्हाताऱ्या!" वेड ओरडला. "मला तो हुडाक पाहिजे!"

"त्याने मान हलवून नाही म्हटलं होतं," प्रॉसर म्हणाला. आवाज साऱ्या मैदानाला ऐकू गेला. "मूठ मी वळली होती. टाक म्हणून मीच ओरडलो. तुझ्या भावाला मी मारलं, वेड. आता तुझं काय ते उरकून घे."

वेडने दुसरा चेंडू टाकला. तसे वेगवान चेंडू मी माझ्या हयातीत थोडेच पाहिले. प्रॉसरने मान वळवली नाही. त्याचा जबडा एका बाजूला सरकलेला दिसला, मग तो खाली पडला, आणि दात धुळीत सांडले.

आमचा अख्खा बाक उठला. मिशोनेही बॅट धरली. तेव्हा पडल्या जागेवरून प्रॉसरने हात वर केला. तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसतं रक्त येत होतं. पण पंजा उघडा होता आणि तो खाली, खाली असं खुणावत होता. गडी एकेक करून बसले. एकटा ओंद्रे रिकाम्या हातांनी धावत गेला.

समोरून रॉय कुंपण धरत धरत येत होता. भावाजवळ पोचला आणि त्याची बाही पकडून म्हणाला, "पुरे झालं, वेड. घरी चल." वेड तिथेच मटकन खाली बसला आणि हातमोज्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. मोठं, दाढीवालं माणूस. त्याच्या मोज्याची मला फार दया आली.

चेंडू लागलेल्या फलंदाजाला पहिल्या टप्प्यावर जाता येतं. प्रॉसर ओंद्रेच्या खांद्याला धरून उठला आणि तेवढं अंतर चालत गेला. टप्प्यावर पाय ठेवला, पंचाने मान डोलावली, मग तो कोसळला. तो सामना आम्ही दणकून हरलो. घरी जाताना आमच्या गाडीवर एकही दगड पडला नाही.

जबडा वाकडाच जुळला. त्यानंतर प्रॉसर थोडं बोले, आणि बोललेलं कळायला कान द्यावा लागे. पण आणखी बरेच उन्हाळे तो त्या बाकावर होता. नव्या पिचरांना तो मिशोच्या पुढ्यात उभं करायचा, मला फलंदाजाच्या कमरेच्या उंचीवर धरायला लावायचा आणि सांगायचा, "जवळून टाकायचाय ना? टाक. पण इथे. याच्या वर गेला तर तू माझ्या संघात नाहीस." ओंद्रेचा चेंडू हळूहळू पाटीकडे परत आला. पूर्वीचा वेग मात्र कधी आला नाही, आणि प्रॉसरने तो मागितलाही नाही.

प्रॉसरला पुरलं त्या दिवशी रॉय टेनंट आला होता. मेरेडने त्याला आत बोलावून सूप दिलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी खुंटीवर होतो.

आता मी मिशोच्या तळघरात असतो, आंबवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी. मिशोही गेला. माझ्या वाद्या उंदरांनी कुरतडल्या आहेत, कातडं तडकलं आहे, आणि मिशोने घातलेले टाके उसवू लागले आहेत. तेल लावून किती वर्षं झाली, कुणाला ठाऊक.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला कोरडं ठेवा, तेल लावा, अधूनमधून हातात घ्या. कातडं फाटलं तर शिवता येतं, माझ्याकडेच बघा. पण एक सांगून ठेवतो. उद्या मैदानात उतराल, हातात कठीण चेंडू असेल, आणि मागून आपलीच माणसं ओरडत असतील, तेव्हा एक बोट आपल्या कानशिलावर ठेवून हलकेच दाबून पाहा. तिथलं हाड किती पातळ असतं ते कळेल. समोरच्याचंही तेवढंच असतं.