नोनो ट्रेनने गेला

"ट्रेनने! डॉक्टरणीच्या तोंडावर सांगितलं त्यांनी, 'मी ट्रेनने जातो.' अरे लोरिस, ते रूळ उखडले तेव्हा तुझे नोनो जन्मलेसुद्धा नव्हते!"

"मग? इथं सगळेच म्हणतात तसं!"

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे! बेकरीवाली म्हणते, पाद्री म्हणतो. ट्रेनने जा म्हणजे त्या खडीच्या वाटेनं जा. पायी जा, सायकलवर जा, गाढवावर बसून जा! गाडी गेली, रूळ गेले, बोलायची रीत राहिली. तुला काय कळणार, तेता, तू झाग्रेबची."

"सतरा वर्षं मी या घरची सून आहे."

"तरी झाग्रेबचीच."

तेता वेस्ना लोरिसची मामी. मामा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. लोरिसची आई त्रिएस्तेत, दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला. त्यामुळे नोनोचं, म्हणजे मेनिगो आजोबांचं, काय करायचं ते वेस्नाच ठरवणार, आणि तिनं ठरवलं होतं. पोरेचच्या वृद्धाश्रमात शनिवारी खोली मोकळी होत होती. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. नोनोला समुद्राचा राग. समुद्रानं माझा पोरगा नेला, म्हणायचा.

"बरं," वेस्ना म्हणाली, आणि आवाज खाली आणला. ती आवाज खाली आणायची तेव्हा लोरिसला जास्त धडकी भरायची. "रीत तर रीत. मग आत्ता कुठंयत ते? पलंग गार पडलाय. बाहेर हात दिसत नाही इतकं धुकं."

"असेल इथंच. येईल."

"ट्रेनने?"

लोरिसचं डोकं सटकलं. काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात त्याची नजर दाराशी गेली. नोनोचे बूट तिथंच होते. दोन्ही. आणि घरातल्या सपाता मात्र नव्हत्या. त्यानं वेस्नाकडं पाहिलं, मग बोलता बोलता पायानंच बूट बाकाखाली सरकवले.

"मी आणतो त्याला," तो म्हणाला. "आणि आणला की तो खोलीबिलीचा विषय बंद. कबूल?"

"आधी आण."

सायकल त्याची त्यानंच जुळवलेली. एकीची चाकं, दुसरीचं हँडल, सांगाडा एका जर्मन पाहुण्यानं टाकून दिलेला. शाळेत असताना मास्तर म्हणायचे, तुझ्या डोक्यात स्क्रू ढिला आहे. शाळा सोडल्यावर त्यानं जगाचे स्क्रू आवळायचा धंदा धरला. उन्हाळाभर पाहुण्यांच्या सायकली दुरुस्त केल्या. येत्या सोमवारी त्रिएस्तेला जायचं होतं, आईकडं, तिच्या ओळखीच्या दुकानात कामाला. पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती. इथं राहून राहून त्याच्या तळपायांना खाज सुटली होती.

कबरस्तानाची भिंत संपली की वाट सुरू होते, आणि वाट सुरू झाली की मोटारींचं जग संपतं. पाण्याच्या टाकीसारखं गार, दाट धुकं. चाकांखाली खडी चुरचुर बोलायला लागली. डावीकडं माल्वाझिया द्राक्षाची पानं पिवळी, उजवीकडं तेरानची लाल. द्राक्षं उतरवून झालेली, वेली रिकाम्या, तरी माणूस पाहून ओळखीचं हसावं तशा धुक्यातून एकेक रांग पुढं यायची आणि मागं विरून जायची. कुठल्यातरी तळघरातून आंबत्या रसाचा वास येत होता. तो वास नुसता हुंगला तरी झिंग चढते.

लोरिसचा राग पहिल्या वळणापर्यंत टिकला. पुढं त्याला तो आठवेना. ही वाट अशीच आहे. आगगाडीला चढ झेपायचा नाही म्हणून तिला डोंगराभोवती हळूहळू, लाडानं वळवत नेलेलं. चढतोय की उतरतोय कळत नाही. पाय आपोआप फिरतात आणि आपण कुणाच्यातरी झोपेत सायकल चालवतोय असं वाटतं. समोर दरी दुधानं भरलेली, त्या दुधात मोतोवूनचं गाव वरच्यावर तरंगत होतं, खाली डोंगर नसल्यासारखं.

"नोनो!" त्यानं हाक मारली. धुक्यानं ती कापसात गुंडाळून ठेवून दिली.

ओकच्या रानाशी कुत्रं भुंकलं. झाडामागून आधी काठी आली, मग टोपी, मग बार्बा एत्तोरे. तो कोणाचाच सख्खा काका नाही, पण इथं वय झालेल्या प्रत्येक पुरुषाला बार्बाच म्हणतात.

"श्श! ओरडतोस काय बैलासारखा?"

"बार्बा, नोनो दिसला का?"

"दिसला."

"कुठं?"

एत्तोरेनं ओठ मिटले. लोरिसला लगेच कळलं. एत्तोरे ट्रफल शोधतो, जमिनीखालची ती वासाची अळंबी. ट्रफलवाला एक वेळ बायकोचं वय सांगेल, पण सकाळी आपण कुठं होतो ते सांगणार नाही. नोनो कुठं दिसला हे सांगायचं म्हणजे एत्तोरे कुठं खणत होता हे सांगायचं.

"बार्बा, तो घरातल्या सपातांवर गेलाय!"

"मी काही बघितलं नाही. मी इथं नाहीच."

"मग माझ्याशी बोलतंय कोण, तुमची कुत्री?" लोरिस किंचाळला. "घाला ती अळंबी चुलीत! म्हातारा दरीत पडला तर सगळ्या गावात सांगेन, एत्तोरेनं चार कंदांसाठी मेनिगोला मारलं!"

एत्तोरेनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. कुत्रीकडं बघितलं, जणू तिची परवानगी हवी होती.

"बोगद्यापलीकडं," तो शेवटी म्हणाला, एकेक अक्षर दात उपटावा तसं. "तिसऱ्या पुलापाशी. मला म्हणाला, एत्तोरे, घाई कर, चुकेल तुझी. मी विचारलं, काय चुकेल? तर हसला." तो थांबला. "पोरा, तिथं तू काही खड्डे बघितले नाहीस."

"एकही नाही, बार्बा."

बोगद्यात शिरताना लोरिसनं दिवा लावला नाही. पलीकडचं तोंड पांढऱ्या नाण्याएवढं दिसत होतं, तेवढं पुरे. भिंतीतून पाणी ठिबकत होतं. मध्यावर आल्यावर वारं सुटलं आणि बोगदा वाजला. आधी खालच्या सुरात, मग चढत चढत, लांबलचक. लोरिसनं दोन्ही ब्रेक करकचून दाबले. वारा आहे, तो मनाशी म्हणाला, गाढवा, वारा आहे. तरी तो भिंतीला चिकटून उभा राहिला, जाणाऱ्याला वाट द्यावी तसा. कोणी गेलं नाही. फक्त गालाला थोडी ऊब लागल्यासारखं झालं.

पुलापलीकडं जुनं स्टेशन. दार विटांनी बुजवलेलं, फलाटावर गवत, सायकलवाल्यांसाठी ठेवलेला एक बाक. त्यावर नोनो बसला होता. रविवारचा कोट, गळ्याशी बटण लावलेलं. पायात सपाता, भिजून काळ्या पडलेल्या. ताठ बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून.

लोरिस शेजारी बसला.

"उशीर झालाय आज तिला," नोनो म्हणाला.

"कुणाला?"

"गाडीला."

रीत आहे, बोलायची रीत आहे, असं तो सकाळपासून ओरडत होता. स्वतःलाच ऐकवत होता, हे त्याला आत्ता कळलं.

"नोनो, चेष्टा करतोस ना?"

दरीत कुठंतरी घंटा झाली. पाहता पाहता धुकं फाटलं, आधी पुलाची कमान दिसली, मग खालची नदी, मग द्राक्षांच्या रांगा, उन्हात लालभडक. नोनोनं रुळांच्या जागी असलेली खडी पाहिली. नंतर स्वतःचे पाय पाहिले.

"सपाता घालून आलो की रे मी," तो म्हणाला.

"हो."

"वेस्नानं पाहिलं?"

"नाही. बूट मी लपवले."

नोनो हसला, पण हसू गालापाशीच थांबलं. "ऐक. ऊन असलं की मला सगळं ठाऊक असतं. गाडी नाही, रूळ नाहीत, माझी आई तिच्यात बसून लग्नाला गेली होती, बस्स, एवढंच. पण धुकं आलं की..." त्यानं हात हवेत फिरवला. "धुक्यात खात्री वाटत नाही. तिला सांगू नकोस."

"तू हे सगळ्यांपासून लपवत होतास?"

"रीत होती ना आडोशाला. ट्रेनने जातो म्हटलं की सगळे माना डोलवायचे. इथल्या कुणी मला यात कधी पकडलं नसतं. त्या परक्या डॉक्टरणीनं बरोबर पकडलं."

लोरिसला हसावं की खडी उचलून दरीत भिरकवावी कळेना. त्यानं खडी भिरकवली. एक, दोन, मूठभर.

खिशात फोन वाजला.

"सापडले?" वेस्नाचा आवाज फाटलेला. ती रडत होती, बहुतेक कधीची.

"सापडला. स्टेशनवर बसलाय. आणि ऐक, तेता, तुझं बरोबर होतं." नोनोनं त्याची बाही धरली, लोरिसनं सोडवून घेतली नाही. "नुसती रीत नाहीये ती. धुकं असलं की त्याला खरंच गाडी येतेय असं वाटतं. ऊन असलं की शहाणा असतो, तुझ्याहून नि माझ्याहून शहाणा. मी पोरेचला पाठवू देणार नाही त्याला. तिथं समुद्रावरून रोज धुकं येत असेल, आणि कोण बसणार त्याच्या शेजारी?"

"सोमवारी तू त्रिएस्तेला चाललायस, लोरिस."

"नाही चाललो."

वेस्ना म्हणाली, "तुझा काय भरवसा? तू शाळेत टिकला नाहीस."

"शाळेत नोनो नव्हता."

"उन्हाळा आला की पळशील."

"उन्हाळ्यात धुकं नसतं, तेता!" तो ओरडला. मग आवाज खाली आणला, अगदी तिच्यासारखा. "शनिवारचं रद्द कर. एवढा हिवाळा दे. नाही जमलं तर मीच आणून सोडीन त्याला, शपथ."

"एक हिवाळा," वेस्ना म्हणाली. नाक पुसल्याचा आवाज आला. "पाय कसे आहेत त्यांचे? ओले असतील. सपाता दिसल्या नाहीत मला सकाळी, आंधळी समजलास का मला? ऐक, त्यांना आधी मोजे..."

"तेता, ठेव फोन. बोगद्याकडून परत धुकं चढतंय आणि म्हातारा सायकलच्या दांडीवर चढून बसलाय. मला निघायला हवं आता."