टू-सीटरला लष्करी इंजिन

गोदीतल्या स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी गॅब्रियल मिस्त्री उत्तनजवळच्या चौक गावी घरी आला, तेव्हा त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. त्याच्या बायकोनं, इनेझनं, देवळात क्रुसापुढे मेणबत्ती लावली. उजवा कान साफ गेला होता आणि डाव्यात नुसती गाज उरली होती, हे मात्र दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. वीस वर्षं मुंबईत गोदीलगतच्या गॅरेजात बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्यानं आपलं बहिरेपण कुणाकुणाला आणि कुठल्या तोंडानं सांगायचं? छातीला धूळ सोसत नाही म्हणून गॅरेज सोडलं, असंच तो सांगत राहिला. अडीच वर्षं ओट्यावर बसून काढली. इनेझ मासळी विकून घर चालवत होती. कुणी बोलायला आलं की ती शेजारी येऊन बसायची आणि समोरच्याचं बोलणं, ओठ नीट हलवत, आपल्या तोंडानं पुन्हा म्हणायची. बायका म्हणायच्या, इनेझ हल्ली फार बोलकी झालीय.

सेहेचाळीसची दिवाळी झाली आणि राई गावच्या मोरेश्वर पाटलाची बैलगाडी दारात थांबली. मागे दोरानं बांधून आणली होती त्याच्या वडिलांची टू-सीटर मोटार. परशुराम पाटलांनी ती पंधरा वर्षांपूर्वी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. हिरवी, लांब नाकाची, मागे निमुळती. मिठागराच्या बांधाजवळून ती गेली की माणसं फावडी टाकून बघत उभी राहायची. पहिल्या दिवसापासून तिला हात लावला होता तो गॅब्रियलनंच. आता परशुराम वारले होते. मोरेश्वरला वडिलांची गाडी हवी होती, पण तिचा म्हातारपणा नको होता. लष्करानं मोडीत काढलेल्या लॉरीचं सहा सिलिंडरचं इंजिन त्यानं मिळवलं होतं. ते बसवायचं, हँडल मारायची कटकट काढून सेल्फ-स्टार्टर लावायचा, सळईच्या ब्रेकांऐवजी तेलाचे ब्रेक आणि पुढे मोठे दिवे.

नवऱ्याची छाती अजून धरते, त्याला हे काम झेपणार नाही, असं इनेझ सांगू लागली होती. पण गॅब्रियल बैलगाडीतल्या इंजिनावरून हात फिरवत होता.

"करतो," तो म्हणाला.

पुढचे दोन महिने अंगणात माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली काम चाललं. इंजिन लांब, जागा आखूड. त्यानं चासीला जादा पट्ट्या मारल्या, इंजिनामागची पत्र्याची भिंत कापून मागे सरकवली, बॉनेट सहा इंच वाढवलं. इंजिन पूर्ण खोललं. तळातली बेअरिंगं झिजलेली होती, नवी कुठं मिळत नव्हती; त्यानं तीच घासून, जुळवून बसवली. तो रोज दाढी करू लागला. जेवताना भात मागून घेऊ लागला. कामात असला की गुणगुणायचा. सूर साफ चुकलेला असायचा, पण इनेझ त्याला ते कधी बोलली नाही.

आवाजासाठी दोघांनी मिळून एक युक्ती काढली. इंजिन चालू झालं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवून लाकडी मूठ गॅब्रियल दातांत धरायचा, म्हणजे थरथर हाडांतून कळायची, आणि डावा तळहात पुढे करायचा. इनेझ जे ऐकेल ते बोटानं त्या तळहातावर वाजवायची. सारखं चाललंय की मध्ये अडखळतंय, हे तिला महिन्याभरात कळू लागलं. कार्बोरेटर त्यानं तिच्या बोटांच्या ठेक्यावरच जुळवला.

नाताळ होऊन आठवडा झाला असेल, मोरेश्वर गाडी न्यायला आला. सेल्फ-स्टार्टर दाबताच इंजिन सुरू झालं. मोरेश्वर लांबच उभा होता. गॅब्रियल इंजिनावर वाकला, मूठ दातांत धरली आणि पाठीमागं हात केला. इनेझ रोजच्यासारखी वाजवू लागली. त्यानं वेग वाढवला, तेव्हा तिला त्या गुरगुरण्याखाली दुसरं काहीतरी ऐकू आलं. दोन घरं पलीकडे कुणी पाटावर सुरी आपटावी तसं. वेग कमी झाला की ते नाहीसं व्हायचं.

तिनं मोरेश्वरकडं पाहिलं. नवऱ्याच्या गुळगुळीत दाढी केलेल्या गालाकडं पाहिलं. बोट पहिल्याच तालात वाजवत राहिली. गॅब्रियलही क्षणभर तसाच वाकून राहिला, मग त्यानं मूठ दातांतून काढली आणि बॉनेट लावलं.

मोरेश्वर चालवायला बसला, गॅब्रियल शेजारी. उत्तन मागे पडलं, डोंगरीची वस्ती गेली, राईकडचा सरळ रस्ता लागला. मोरेश्वरनं पाय दाबला तशी गाडी उधळली. गॅब्रियलच्या तोंडावर वारा बसत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. दोन्ही बाजूंची कापणी झालेली शेतं मागे पळत होती. आयुष्यात इतक्या वेगानं तो कधी गेला नव्हता. मोरेश्वरचे ओठ हलताना त्याला एकदा ओझरते दिसले. खूश आहे पोरगा, असं त्याला वाटलं आणि त्यानं हसून मान डोलावली.

मग सीटखालून दणका बसला. पिस्टनचा तुटलेला रॉड इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला, गरम तेल काचेवर उडालं, गाडी तिरकी होत शेताच्या बांधावर जाऊन आदळली. नव्या ब्रेकांनी जीव वाचवला. मोरेश्वरचं कपाळ स्टिअरिंगच्या चाकावर फुटलं होतं. गॅब्रियलनं त्याला बाहेर काढलं, बांधावर बसवलं आणि डोक्याचा रुमाल त्याच्या कपाळाला धरला. मोरेश्वर काहीतरी विचारत होता. गॅब्रियल त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मी तीनदा विचारलं," मोरेश्वर पुन्हा सावकाश म्हणाला, "खटखट वाजतंय, थांबू का म्हणून. तुम्ही मान हलवली."

गॅब्रियलची नजर त्याच्या ओठांवरून हलली नाही. मोरेश्वरच्या डोळ्यांत राग होता, तो जाऊन तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही."

हे त्याला इनेझशिवाय समजलं.

मोरेश्वरनं कुणाकडे तक्रार केली नाही, पण शेतावरच्या माणसांनी सगळं पाहिलं होतं. रविवारी देवळात जाईपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. टू-सीटर मुंबईच्या एका गॅरेजात गेली. तिथं तिला जुनंच इंजिन परत बसवलं, असं पुढं कानावर आलं. म्हणजे इनेझच्या.

गाडी मुंबईला नेली त्या दिवशी दुपारी इनेझ रिकाम्या मांडवात त्याच्यासमोर जाऊन बसली. तो तिच्या ओठांकडं बघू लागेपर्यंत थांबली.

"तो आवाज मी ऐकला होता," ती म्हणाली. "तुमचे हातावर वाजवला न्हाय."

त्यानं एक बोट पुढच्या दातांवर टेकवलं.

"मना पन दातांत लागला होता," तो म्हणाला.

"मग बोललाव का न्हाय?"

"तू वाजवशील म्हनून वाट पायली."

इनेझ रडली नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला, पण वाजवण्यासारखं काही नव्हतं. तो नुसता धरून ती बसून राहिली. थोड्या वेळानं त्यानंच तो सोडवून घेतला आणि मांडवाच्या झावळ्या उतरवायला उठला.

फेब्रुवारीत त्यानं हत्यारांची पेटी वसईच्या भाच्याकडे पाठवून दिली. पेटीची ओट्यावरची जागा काही दिवस रिकामी होती. मग इनेझनं तिथं सुक्या बोंबलांच्या टोपल्या ठेवल्या.