सासूच्या मडक्यापुढची सनई

त्या साली आमच्याकडच्या विहिरींना तळ दिसत होता आणि ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांच्या डोक्यातून मात्र पाणी गळत होतं. मला अजून त्याचं नवल वाटतं. दोन पुरुष उंचीचं झाड, बुडाशी भेगाळलेली माती, आणि वर बांधलेल्या मडक्यात रातभर साठलेला गोड रस. तो कुठून यायचा ते झाडालाच ठाऊक.

ही झाडं सूर्यभान राखायचा. संध्याकाळी कमरेला दोर अडकवून वर चढायचा, शेंड्याखालचा गाभा कोयत्यानं पातळ तासायचा, नळी बसवून तिच्याखाली मडकं बांधायचा आणि माश्या जाऊ नयेत म्हणून वरून फडकं गुंडाळायचा. पहाटे मडकी उतरवायची. ही शिंदी सकाळी प्यायली तर साखरेचं पाणी, दुपारी जिभेला चुणचुण, आणि दिवस कलला की आंबूस होऊन डोक्यात चढायची. एकाच मडक्यात एका दिवसात तीन चवी.

ओढ्याच्या अलीकडे, घोडेगावच्या रस्त्याला, त्याच्या बायकोचं, रंगुबाईचं, परवान्याचं छप्पर होतं. तिथं ती शिंदी विकायची. मी घोडेगावच्या बाजारात हेडी होतो, म्हणजे जनावरांचे सौदे जुळवून द्यायचो. ओरडून ओरडून घसा सुकला की माझे पाय त्या छपराकडे वळायचे.

त्या छपराची एक रीत होती. सूर्यभान एका झाडाची शिंदी दुसऱ्या झाडाच्या शिंदीत मिसळू द्यायचा नाही. प्रत्येक झाडाला नाव होतं. वाकडी, बांधकरीण, सासू. मडक्यावर चुन्याची खूण असायची. आणि प्रत्येक मडक्याला गाण्याची एक तबकडी ठरलेली असायची.

तबकड्या नियाजच्या. त्याच्या वडलांचा चावीचा फोनो होता, पितळी कर्ण्याचा. पूर्वी तो लग्नांना भाड्यानं जायचा. पुढं लोक बॅटरीवरचे भोंगे मागायला लागले आणि फोनो घरात पडून राहिला. नियाजनं तो बाजाराच्या दिवशी सायकलला बांधून छपरात आणायला सुरुवात केली. सूर्यभान मडक्यातला घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “हिला कव्वाली.” “हिला ती लावणीवाली बाई.” मग नियाज चावी द्यायचा.

मी पहिल्यांदा हसलो होतो. “शिंदी ती शिंदी. तिला वाजंत्री कशाला? नवरी हाय का ती?”

“राधाकिसन, तू बैल नुसता दात बघून घितोस का?” सूर्यभान म्हणाला. “चालवून बघतोस न्हवं? मंग हिलाबी चालवून बघ.”

सासू हे सगळ्यांत जुनं झाड. तिची शिंदी अशी आंबट, की घोट घेतला की एक डोळा आपोआप मिटावा. नियाजनं मुद्दाम आधी कव्वाली लावली. टाळ्यांच्या त्या तालावर आंबटपणा आणखी चढला, घशाला खरवडून गेला. मग त्यानं सनईची तबकडी लावली. मी दुसरा घोट घेतला, आणि आंबटपणा हळूहळू बाजूला सरला. त्याच्यामागून पिकल्या खजुरासारखी गोडी आली. मी पेल्यात वाकून पाहिलं. शिंदी तीच होती.

“काय झालं?” रंगुबाईनं विचारलं.

“वहिनी, हे काय हाय?”

“मला काय म्हाईत? त्यांना इचारा न्हाईतर झाडाला,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी कधी हसलो नाही.

त्याच हिवाळ्यात सूर्यभान दिवसा एका विहिरीच्या खोदकामावर जात होता. एक सुरुंग उशिरा उडाला. सूर्यभान काठावरच होता. अंगाला ओरखडाही आला नाही, पण दोन्ही कानांतून रक्त आलं, आणि ते थांबल्यावर त्याला ऐकू येईना. तो मोठ्यानं बोलायला लागला. आम्ही बोललो की आमच्या ओठांकडे पाहून मान डोलवायचा आणि भलतंच उत्तर द्यायचा. रंगुबाई आधी हसायची, मग पदर डोळ्यांना लावायची.

शिंदीच्या झाडावर कानाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण सूर्यभान झाड तासायचा तो कानानं. संध्याकाळी उजेड कमी, मडक्याला फडकं, आत काही दिसत नाही. पातळ पापुद्रा काढायचा आणि थांबायचं. रिकाम्या मडक्यात पहिला थेंब वाजला की कोयता खाली. त्याच्यापुढे एक पापुद्रा जास्त काढला तर झाडाच्या जिवाला लागतं. त्याच्या बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं, थेंब बोलला की तू गप्प.

आता त्याला थेंब ऐकू येत नव्हता. कोरडं आहे असं समजून त्यानं वाकडीला तासलं, आणखी तासलं. सकाळी मडकं काठोकाठ भरलं होतं आणि रस तांबूस होता. आठवडाभरात तिच्या मधल्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबायला लागल्या.

त्यानं कोयता छपराच्या वळचणीला खोवला.

“बाजार झाला की मी ऊसतोडीला जातो,” तो ओरडून म्हणाला. “कारखान्यावर. उसाला कान लागत न्हाईत.”

“आन् ही झाडं?” रंगुबाईनं झाडांकडे हात केला.

“राहू दे उभी. मी हात लावला की मरत्यात.”

ती माझ्याकडे वळली. “तुमी सांगा ना भावजी. उसात जाऊन हा मानूस दोन म्हैन्यांत वाळंल. झाडावर चढला न्हाई तर ह्यांना भूक लागत न्हाई.”

सांगितलं तरी त्याला ऐकू कुठं जाणार होतं?

बाजाराच्या दिवशी नियाज नेहमीसारखा फोनो घेऊन आला. सासूचं शेवटचं मडकं तेवढं उरलं होतं. सूर्यभान गठुडं बांधून छपरातच बसला होता, फोनोकडे पाठ करून. रंगुबाईनं मडकं आणून त्याच्याजवळ ठेवलं, नेमकं कर्ण्याच्या तोंडासमोर. कुणाच्या मनात काही नव्हतं. जागा तेवढीच होती.

नियाजनं चावी दिली आणि हाताला लागली ती तबकडी लावली. सूर्यभाननं मडकं बाजूला सरकवायला हात लावला. हात तसाच राहिला.

मला वाटलं काटा रुतला. त्यानं दुसरा हातही मडक्यावर ठेवला. तोंड उघडं. मग हळूच म्हणाला, “नियाज, कव्वाली हाय का रं?”

कव्वालीच होती.

नियाजचा चेहरा पांढरा पडला. त्यानं सुई उचलली. सूर्यभान म्हणाला, “थांबली.” नियाजनं माझ्याकडे पाहिलं, मी नियाजकडे. त्यानं तबकडी पोटाशी लपवून बदलली, सुई ठेवली. सूर्यभाननं डोळे मिटले. त्याची बोटं मडक्यावर होती तशीच, फक्त नखांच्या कडा पांढऱ्या झालेल्या.

“सनई,” तो म्हणाला. “हिचीच. सासूची.” आणि लगेच खेकसला, “आरं, सासूला कव्वाली लावतोस व्हय? घरात घिईल का ती तुला?”

सगळे हसले. रंगुबाई हसता हसता खाली बसली. मला मात्र हसू येईना. मी मडक्यात वाकून पाहिलं. फेसाचे बारीक बुडबुडे एकेका सुराबरोबर थरथरत होते, चढत्या सुराला दाट आणि उतरत्या सुराला विरळ. सगळी सनई त्या फेसावर लिहिल्यासारखी दिसत होती. इतके दिवस ती तिथंच होती आणि आम्ही तोंड लावून पीत होतो.

तबकडी संपायच्या आत सूर्यभान उठला. गठुडं तिथंच. वळचणीचा कोयता ओढला, दोर खांद्यावर टाकला, एक रिकामं मडकं घेतलं आणि ओढ्याकडे चालायला लागला.

“कुठं?” रंगुबाई मागून ओरडली. मग तिला आठवलं की त्याला ऐकू येत नाही, आणि ती पळत सुटली. तिच्यामागं नियाज, त्याच्यामागं मी. फोनो तसाच फिरत राहिला.

दिवस झाडांच्या शेंड्यांवर आला होता. सूर्यभान सासूच्या बुडाशी उभा राहिला, झाडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढला. वर जाऊन त्यानं नळी नीट केली, मडकं बांधलं, फडकं गुंडाळलं. मग डाव्या हाताचा तळवा मडक्याच्या बुडाला लावला आणि उजव्या हातानं कोयता चालवला.

एक पापुद्रा खाली आला. माझ्या पायाशी पडला, कांद्याच्या सालीसारखा.

तो थांबला. वाट पाहिली. पुन्हा कोयता. दुसरा पापुद्रा.

“बास की,” रंगुबाई पुटपुटली. “बास करा आता.” तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी बोटं बधिर झाली.

तिसऱ्यांदा कोयता उचलला आणि तो उचललेलाच राहिला. वारा पडलेला होता. आम्ही तिघंही श्वास धरून होतो, आणि त्या शांततेत मला खालून ऐकू आलं. टप्. माझ्या कानांनी ऐकलं. त्याच वेळी वर सूर्यभान ओरडला, “बोलला! बोलला गं!” आणि त्यानं कोयता कमरेला खोवला.

नियाज मातीतच बसला. “या अल्ला,” एवढंच म्हणाला. मी झाडाकडे पाहत राहिलो. ओढा कोरडा, जमीन कोरडी, माणूस बहिरा, आणि वर थेंब पडत होता, आणि ज्याला ऐकायचा होता त्यानं तो ऐकला होता.

सूर्यभान ऊसतोडीला गेला नाही. वाकडी मात्र वाचली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचा शेंडा गळून पडला. तिची तबकडी सारंगीची होती. त्या तबकडीला दुसरं झाड द्यावं असं नियाज म्हणायचा, पण सूर्यभाननं कुठल्याच मडक्याला ती लावू दिली नाही.

थेंब बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सासूचं मडकं उतरलं तेव्हा रस पांढराशुभ्र होता. रंगुबाईनं पेले भरले. कुणी तोंडाला लावेना. सूर्यभाननं मडकं कर्ण्यापुढं ठेवलं आणि माझा हात धरून त्यावर टेकवला.

“गप बस,” तो म्हणाला. “नुसता हात ठिव.”

नियाजनं सनई लावली. आधी नुसती गार माती लागली. मग मुठीत भुंगा धरावा तशी गुणगुण तळव्यात आली, मनगटातून वर चढली. माझे कान शाबूत होते, सनई त्यांतूनही येत होती. पण मी डोळे मिटले आणि हातानंच ऐकत राहिलो.